आमचे हे आणि रेफरी

आमच्या ह्यांना फुटबॉल येत नाही. बायको चिडून बोलतेय असं समजू नका, त्यांच्या टीममधला कुणीही हेच सांगेल. पन्नाशीला टेकलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, पोट जरा पुढे. बॅकला उभे राहतात आणि बॉल आला की लांब मारतात. कुठे मारतात ते बॉललाच ठाऊक. तरीही पाणी खात्याच्या टीमचे कॅप्टन इतकी वर्षं तेच आहेत, आणि त्याला कारण आहे. आमच्या लीगचा नियम असा, की रेफरीशी फक्त कॅप्टननं बोलायचं. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की दाखवलं कार्ड. बाकीच्या टीम आपल्यातला सगळ्यात चांगला खेळणारा कॅप्टन करतात. पाणी खात्यानं सगळ्यात चांगला बोलणारा केला. मैदानावर ह्यांना सगळे वकीलसाहेब म्हणतात.

वकील-बिकील काही नाहीत हो. पाणी खात्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीत बसतात. नळाला पाणी नाही, मीटर फार पळतो, शेजाऱ्यानं पाइप फोडला आणि वर मलाच शिव्या दिल्या, असलं सगळं सोमवारपासून कानावर पडत असतं. हे मान हलवतात, "बघतो" म्हणतात, "वर कळवतो" म्हणतात, आणि पुढच्याला बोलावतात. घरी आले की तोंडाला कुलूप. भाजी कशी झालीय विचारलं तर "बरी आहे". पडद्याचं कापड कसं वाटतंय, तर "बरं आहे". आठवडाभराचं साचलेलं सगळं रविवारी सकाळी रेफरीवर निघायचं. मी म्हणायचे, बरंय बाई, माझ्यावर निघण्यापेक्षा तिकडेच निघू दे.

पण त्यांची तक्रार करायची पद्धत बघण्यासारखी होती, हे मात्र कबूल करायला हवं. पेनल्टीची शिट्टी वाजली की दुसऱ्या टीमचे कॅप्टन हातवारे करत धावत सुटतात. हे चालत यायचे. हात पाठीमागे बांधलेले, म्हणजे अंगाला हात लावला असं रेफरीला म्हणता येऊ नये. चेहरा असा, की हॉस्पिटलात कुणाला भेटायला आलेत. "सर, तुमचं बरोबरच असणार. मला फक्त समजून घ्यायचंय." मग तुम्ही नेमके कुठे उभे होता, ऊन डोळ्यांवर येत होतं का, आधी पाय लागला की आधी बॉल, आणि पाय लागला तर तो ह्याचा त्याला की त्याचा ह्याला. रेफरीनं एका प्रश्नाला उत्तर दिलं की तो संपला. ह्यांच्या बोलण्यानं आजवर एकही पेनल्टी रद्द झाली नाही. पण तोवर पेनल्टी मारणारा तिकडे बॉलपाशी उभा राहून राहून गार पडलेला असायचा. बॉल ठेव, परत उचल, पुस, परत ठेव, असं करता करता त्याच्या पायातलं बळ जायचं आणि शेवटी तो बॉल थेट कुंपणाबाहेर मारायचा. टीमला तेवढंच हवं असायचं.

रेफरी मंडळींनी मात्र ह्यांच्यापुढे हात टेकले होते. पाणी खात्याची मॅच म्हटली की एकाची पाठ धरायची, दुसऱ्याचे पाहुणे यायचे. एक तर रेफरीपणा सोडून गोलंदाजांच्या नादाला लागला, म्हणजे क्रिकेटला अंपायर झाला. तिथे निदान लोक लांबून बोलतात म्हणे.

आणि अशा माणसाच्या घरात, माझ्या पोटी, रेफरी निपजली.

आमची लेक औषधांच्या दुकानात काम करते. लहानपणापासून बापाचं बोट धरून मैदानावर जायची. आम्हाला वाटलं, पोरीला खेळ आवडतो. तिला खेळ आवडतच नव्हता. तिला बाप चुकीचं बोलतोय हे दिसत होतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं. रेफरीचा कोर्स केला, लेखी परीक्षा दिली, पळायची चाचणी दिली, सगळं धडाधड पास. अडलं ते शेवटच्या परीक्षेला. त्यात खरी मॅच घ्यावी लागते आणि बाहेरगावचा परीक्षक बसून बघतो. गेल्या वर्षी त्यात नापास झाली. आवाज पोचत नाही आणि खेळाडू अंगावर आले की मागे सरते, असा शेरा मिळाला. महिनाभर घरात धड जेवली नाही. ह्या वर्षी परत संधी होती, आणि ह्यातही नापास झाली असती तर कोर्स पहिल्यापासून. दुकानाचा मालक परत एवढी रजा देणार नव्हता, हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे विषयच संपला असता.

शनिवारी दुपारी लीगच्या सेक्रेटरींचा फोन आला. उद्या पाणी खातं विरुद्ध बस डेपो, तुझी परीक्षा त्याच मॅचला. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, पण बाबा," एवढंच बोलली. ते म्हणाले, बाळ, तुझ्या बाबांच्या मॅचला उभं राहायला दुसरं कुणी तयार नाही, आणि परीक्षकांना मी सांगितलंय, त्यांची हरकत नाही. आमच्या लीगमध्ये कोण कुणाचा नातेवाईक नाही, ते तरी कुणाकुणाला नको म्हणणार.

मी तेव्हा तिचाच काळा शर्ट उसवत बसले होते. मी घरी शिवणकाम करते. रेफरीचे शर्ट येतात पुरुषी मापाचे, तिच्या खांद्यावरून ओघळत होता, तो आत घ्यायचा होता. ती फोन ठेवून तरातरा बाहेरच्या खोलीत गेली. हे पेपर वाचत होते.

"बाबा, उद्या मी आहे."

"कुठे?"

"तुमच्या मॅचला. शिट्टी माझ्याकडे."

ह्यांनी पेपर खाली केला. मी सुई तोंडात धरून दारात येऊन उभी राहिले.

"एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली. "पेनल्टी दिली तरी नाही, गोल नाकारला तरी नाही. 'समजून घ्यायचंय' तर अजिबात नाही. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले.

"आईसमोर सांगा."

"अगं, आईसमोरच सांगतोय की."

मला वाटलं, शब्द देऊन परत पेपर वाचतील. कसलं काय. चपला घातल्या आणि बाहेर पडले. आधी आपल्या टीममधल्या प्रत्येकाच्या घरी गेले. मग बस डेपोत गेले. तिथला कॅप्टन ड्रायव्हर आहे, त्याला सगळे हॉर्न म्हणतात, का ते त्याचा आवाज ऐकलात तर कळेल. ह्या माणसाशी आमच्या ह्यांचं इतक्या वर्षांत एकदाही पटलेलं नाही. त्याच्यापुढे हे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, उद्या माझ्या पोरीची परीक्षा आहे, तुझ्या लोकांना सांभाळ, तिला कुणी उलट बोलू नका. हॉर्न म्हणाला, वकीलसाहेब, तुम्ही गप्प बसणार असाल तर मी तोंडाला पट्टी लावून खेळतो. हे मला ह्यांनी जेवताना सांगितलं, आणि सांगताना इतके खूश होते की भाजी दोनदा मागून घेतली.

झालं. रविवारी सकाळी असा सामना झाला, की तसा त्या मैदानावर कधी झाला नसेल. कुणी कुणाला पाडलं की हात देऊन उठवत होतं. थ्रो कुणाचा ह्यावर दोन्ही बाजू "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत होत्या. लेकीनं शिट्टी वाजवली की सगळे शाळेतल्यासारखे जागच्या जागी उभे. हॉर्नला एकदा ऑफसाइड दिलं, तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या, पण गडी मूग गिळून माघारी गेला. आमचे हे तर आकाशाकडे बघत खेळत होते, म्हणजे रेफरीकडे नजरच जायला नको.

मी बाकावर बसले होते आणि माझ्याच शेजारी ते परीक्षक येऊन बसले. म्हातारे गृहस्थ, स्वतः जुने रेफरी, काटक. मी ओळख करून दिली, थर्मासमधला चहा दिला. पहिला अर्धा भाग संपला तेव्हा ते जरा कोड्यात पडलेले दिसले.

"बाई, ह्या सगळ्यांना बरं वाटत नाहीये का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "शिस्त आहे हो आमच्याकडे."

"ती शिस्तच नडणार बहुतेक. मुलगी धावते चांगली, नजर चांगली आहे, शिट्टीही वेळेवर. पण ते मी गेल्या वर्षीच्या शेऱ्यात वाचलंय. खेळाडू अंगावर आल्यावर ती काय करते, ते मला बघायचंय. तुमच्या मिस्टरांची ख्याती ऐकली होती, म्हणूनच ह्या सामन्याला हो म्हटलं. ते तर ढगच मोजतायत."

"आणि कुणी अंगावर आलंच नाही तर?"

"मग मी पास कशाच्या जोरावर करू? न बघितलेलं लिहिता येत नाही मला."

कपाळाला हात लावावा का ह्यांच्या कपाळावर मारावा, कळेना. नको तिथे बोलून जन्म काढला आणि नेमकं हवं तिथे गावभर गप्प राहायची विनवणी करून आला हा माणूस. मी पाण्याची बाटली उचलली आणि तरातरा मैदानाच्या कडेला गेले. हे गवतात पाय पसरून बसले होते.

"अहो, भांडा."

"कुणाशी?"

"रेफरीशी. आणखी कुणाशी भांडता येतं तुम्हाला?"

परीक्षक काय म्हणाले ते मी भराभर सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. "पण मी शब्द दिलाय तिला."

"तो शब्द पाळलात तर पोरगी नापास."

"अगं, पण भांडू कशावरून?" हे म्हणाले. "तिची एक चूक होत नाहीये. मी केव्हाचा बघतोय ना." बोलताना आवाजात लेकीचं कौतुक मावत नव्हतं. मग मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही बघा. आजवर काय खरी कारणं असायची तेव्हा भांडलात?"

सामना परत सुरू झाला. मी परत बाकावर येऊन बसले. हे आता आकाश सोडून तिच्याकडे बघत होते, पण चूक सापडेल तर शपथ. पोरगी प्रत्येक बॉलच्या जवळ, प्रत्येक शिट्टी बरोबर. वेळ सरत चालला. शेवटी डेपोचा एक चपळ कंडक्टर बॉल घेऊन ह्यांच्या बाजूनं आत शिरला, आणि ह्यांनी सरळ त्याचा शर्ट मुठीत धरून ओढला. मुद्दाम ओढला, की दमले होते म्हणून ओढला, हे मी नंतर पुष्कळदा विचारलं. सांगत नाहीत.

शिट्टी. लेकीनं हात लांब करून पेनल्टीची जागा दाखवली.

हे निघाले. हात मागे, चाल तीच. मी शेजारी देवासारखं बसलेल्या त्या परीक्षकांकडे वळून म्हटलं, "आता बघा हं," आणि घाबरल्यावर मी नेहमी जे करते तेच केलं, म्हणजे चहा ओतला. कप पुढे केला. म्हातारे "असू दे, असू दे" करत वळले, त्यांचा हात कपाला लागला, चहा त्यांच्या पँटवर सांडला. मग माझं "अगंबाई", त्यांचा रुमाल, माझा पदर. तेवढ्यात तिकडे ह्यांची तक्रार सुरू होऊन संपलीसुद्धा. आम्ही दोघांनी मान वर केली तेव्हा लेक पिवळं कार्ड खिशात ठेवत होती आणि हे माघारी निघाले होते.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

चालता चालता ह्यांनी आमच्याकडे बघितलं. परीक्षक रुमालानं गुडघा पुसतायत, मी पदर धरून उभी. सगळं त्यांच्या लक्षात आलं. मी मानेनंच "नाही" म्हटलं. हे तिथेच थांबले, दीर्घ श्वास घेतला आणि परत वळले.

ह्या वेळी हात मागे नव्हते.

"मॅडम," त्यांनी हाक मारली, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी. स्वतःच्या पोरीला मॅडम म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "कसली पेनल्टी? मी हात लावला नाही त्याला."

"तुम्ही शर्ट ओढलात. मी समोर होते. मागे व्हा."

"तुम्ही समोर होता, डोळे कुठे होते?"

"कॅप्टन, ऐकलं मी. निर्णय बदलणार नाही. मागे व्हा."

चांगलं चाललं होतं. पोरगी जागची हलली नव्हती, परीक्षक पुढे वाकून बघत होते. इथे थांबायचं ना. पण माणूस एकदा रंगात आला की आला. हे तिच्या आणखी जवळ गेले आणि म्हणाले, "स्वतःच्या घरात भाजीत मीठ पडलंय की नाही ते कळत नाही, आणि चालली पेनल्टी द्यायला."

मैदान फुटलं हसून. दोन्ही टीम, कुंपणापलीकडचे लोक, चहावाला, सगळे. आदल्या आठवड्यात लेकीनं केलेली भाजी खरंच अळणी झाली होती, आणि मी तिला त्यावरून बोललेही होते, पण ते घरात. तिचे कान तापलेले मला इतक्या लांबून दिसले. ओठ दाबले होते. मला वाटलं, आता मागे सरते, गेल्या वर्षीसारखी. मला वाटलं, मी काय करून बसले हे.

ती मागे सरली नाही. हसणं थांबेपर्यंत तशीच उभी राहिली, ह्यांच्या डोळ्यांत बघत. मग खिशातून लाल कार्ड काढलं, वर धरलं आणि म्हणाली, "बाहेर."

आरडाओरडा नाही. पण तो आवाज रस्त्यापर्यंत पोचला, कारण सायकलवरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. हॉर्न आ वासून उभा होता. ह्यांना आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं, वकीलसाहेबांचा तेवढा एक अभिमान होता. ते खाली मान घालून निघाले. डेपोच्या कंडक्टरनं हसता हसताच पेनल्टी मारली आणि ती आत गेली. पाणी खातं हरलं. टीममधला एकजण ह्यांच्या पाठीवर थाप मारायची सोडून म्हणाला, "पोरीची परीक्षा होती ना हो, आजच्या दिवस तरी." हे वाकून बुटाच्या नाड्या सोडत राहिले.

परीक्षकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "ही पोरगी कुणाच्या बापाला भ्यायची नाही," ते म्हणाले, आणि मग मी कोण ते आठवून गोंधळले. "म्हणजे, पास आहे."

घरी येताना रस्त्यात मी ह्यांना धारेवर धरलं. भांडा म्हटलं होतं, पोरीचा पाणउतारा करा नव्हतं म्हटलं. हे म्हणाले, "पिवळं कार्ड दिलं तेव्हा परीक्षकानं बघितलं नाही. परत नाहीच बघितलं तर काय, म्हणून मोठं काहीतरी हवं होतं. तोंडात आलं ते बोललो." मग थोडं चालून म्हणाले, "तिला सांगू नकोस हां. आपण जमवून आणलं असं कळलं, तर पास झाल्याचा आनंद जाईल तिचा. तिनं मला खरंच बाहेर काढलंय. ते तिचं आहे."

लेक उशिरानं आली. आम्ही पानं घेतली होती. हात धुतले, बसली, मला म्हणाली, "आई, पास झाले." मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावरून ह्यांच्याकडे बघत असणार, कारण तिचं अंग ताठ होतं.

"बाबा, सगळ्यांनी शब्द पाळला," ती म्हणाली. "हॉर्नकाकांनीसुद्धा. फक्त तुम्ही नाही."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली ह्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला, चांगला जोरात.

"मिठावरून बोललात. सगळ्यांसमोर. ते हसत होते तेव्हा मला शिट्टी टाकून घरी यावंसं वाटलं, माहितीये?" तिचा आवाज आता कापला. मैदानावर कापला नव्हता. "मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिणार आहे. बंदी येईल तुमच्यावर. वर दाद मागता येते, ते तुम्हाला मी सांगायला नको."

"नाही मागणार," हे म्हणाले.

"का?"

"निर्णय बरोबर होता. पेनल्टीचाही, बाहेर काढल्याचाही."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं कुठल्याही रेफरीला बरोबर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले म्हणून मी भाताच्या भांड्याकडे वळले.

"मग तिथे एवढं का बोललात?" तिनं विचारलं.

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. हे भात कालवत राहिले, आणि मी तिच्या पानात भाजी वाढली.